गाडी उभी होती

क्षिप्रा : नाही आप्पा, चहापासून नको. सेल्वमपासून सांगा. तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात?

आप्पा : अगं, चहाशिवाय सेल्वम येणार कुठनं? चार-पाच दिवसांपूर्वी सकाळी खाली कॉफीशॉपात तेह हलिया घ्यायला गेलतो. आल्याचा चहा. शेजारच्या टेबलावर हा बसलेला. हात बघितला आणि ओळखलं, ड्रायव्हर.

क्षिप्रा : हातावरून?

आप्पा : उजवा हात कोपरापर्यंत काळा, डावा उजळ. खिडकीतला हात लपत नाही.

क्षिप्रा : आणि बोललात कुठल्या भाषेत?

आप्पा : नामक्कलला सात वर्षं साखर नेली मी. लोड, टायर, जेवण, पाणी, एवढं तमिळ येतं. उरलेलं हातवारे करून. ड्रायव्हरला ड्रायव्हरचं कळतं.

क्षिप्रा : हळू बोला. जाईचा आत्ता कुठे डोळा लागलाय.

आप्पा : मोठ्यानं तूच बोलतीयस. आणि अंगठा हलव, झोळी थांबली बघ.

क्षिप्रा : हलवतेय. दोरी अडकवूनच बसलेय पायाला. तर मग? डब्याचा विषय कसा निघाला?

आप्पा : त्यानंच काढला. म्हणाला, आमच्या गाड्यांत कंपनीनं एक डबा बसवलाय. निळा दिवा लागतो. किती वेळ चालवली, किती वेळ थांबलो, सगळं लिहितो. काढायचा नाही, झाकायचा नाही. एकानं त्यावर फडकं टाकलं तर त्याला वॉर्निंग. मी म्हटलं, असला डबा तर माझी पोरगी करते.

क्षिप्रा : हे पण सांगितलंत?

आप्पा : का, नको सांगायला? आपल्या पोरीचं काम आहे.

क्षिप्रा : आप्पा, आता मी वाचते ते नीट ऐका. डेस्मंड, माझा मॅनेजर. सकाळी साडेनऊला मेसेज आलाय, रविवारी. मराठीत सांगते. ‘शुक्रवारी सकाळी कंटेनर डेपोच्या रांगेत आपला डबा बसवलेले अकरा ट्रेलर एकदम जागच्या जागी थांबले. पुढे जागा होऊनही पुढे घेतले नाहीत. पंचेचाळीस मिनिटं. रांग मागे मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. अकराही डब्यांची नोंद एकच, ड्रायव्हर आराम करत आहे. हे ठरवून केलेलं दिसतंय. क्षिप्रा, नियम तू लिहिला आहेस. सोमवारी नऊ वाजता तुझं मत लेखी हवं. त्यावर त्यांची कंपनी अकरा जणांचं काय करायचं ते ठरवेल.’

आप्पा : अकरा?

क्षिप्रा : अकरा.

आप्पा : मी तर एकालाच सांगितलं होतं.

क्षिप्रा : म्हणजे सांगितलंत!

आप्पा : आता हळू बोल.

क्षिप्रा : देवा. काय सांगितलंत?

आप्पा : वावगं काही नाही. त्याचं दुखणं ऐक आधी. डेपोच्या रांगेत तीन-तीन तास जातात. इंजिन बंद करून थांबायचं, हा कंपनीचाच नियम. इंजिन बंद झालं की पाच मिनिटांनी डब्यातनं एक बाई बोलते. ‘यू आर नाऊ रेस्टिंग. एन्जॉय युवर रेस्ट.’ तोवर पुढची गाडी हलते. चावी फिरव, दोन गाड्यांचं अंतर पुढं जा, परत बंद. परत बाई, एन्जॉय. तीन तासांत वीस वेळा एन्जॉय म्हणते. कोण गं ही भवानी?

क्षिप्रा : आवाज विकतचा आहे. वाक्य माझं आहे.

आप्पा : असं होय. तसं वाक्य चांगलं आहे.

क्षिप्रा : आप्पा.

आप्पा : बरं. तर डबा हे पाच-सहा मिनिटांचे तुकडे जोडत जातो. जोडून पंचेचाळीस झाली की म्हणतो, झाला आराम. ऑफिसातल्या स्क्रीनवर गडी ताजातवाना दिसतो. लगेच पुढची खेप. सेल्वम ऑफिसात जाऊन भांडला. ते म्हणाले, डेटा सांगतोय तू दोन तास आराम केलास. मी त्याला म्हटलं, भांडतोस कशाला? यंत्र म्हणतंय आराम, तर आराम कर. सलग पंचेचाळीस मिनिटं गाडी हलवू नकोस. सीट मागं कर, डोळे मीट. कोणी विचारलं तर डब्याकडं बोट दाखव.

क्षिप्रा : आणि त्याने ते बाकीच्या दहा जणांना सांगितलं.

आप्पा : हुशार आहे मग.

क्षिप्रा : हसू नका. उद्या बारा आठवड्यांनी कामावर जातेय मी. पहिला दिवस. मला वाटलं होतं सगळे जाईचे फोटो मागतील, केक आणतील. आणि मी काय सांगू, की रांग माझ्या वडिलांनी थांबवली?

आप्पा : मी कुठं थांबवली? तुझ्या बाईनं थांबवली. मी आपलं तिचं ऐका म्हणालो.

रुचिर : दार उघडंच कसं? बी हून आणलंय, तांदळाच्या शेवया, व्हेज, आणि आप्पा, तुमच्यासाठी इडली. झोपली का ती? काय झालं? तुझा चेहरा असा का?

क्षिप्रा : शुक्रवारची रांग आठवतेय, डेस्मंडच्या मेसेजमधली? ती कल्पना आप्पांची.

रुचिर : कुठली कल्पना?

क्षिप्रा : न हलण्याची.

रुचिर : आप्पा! तुम्ही या परक्या देशात व्हिजिट पासवर आला आहात.

आप्पा : पासवर चहा पिता येतो ना, रुचिरराव?

रुचिर : चहा येतो हो. पण इथे अकरा गाड्या रस्त्यात उभ्या करणं म्हणजे चेष्टा नाही. कोणी विचारलं तर?

आप्पा : रस्त्यात नाही, रांगेत. आणि उभ्या होत्याच त्या. मी आल्या दिवसापासून इथल्या गाड्या रांगेतच बघतोय.

रुचिर : क्षिप्रा, तू घाबरू नकोस. साधं लिही. सिस्टिमने नोंद बरोबर केली, ड्रायव्हरांनी सोयीचा गैरवापर केला, त्यांना ट्रेनिंगची गरज आहे. दोन ओळी. संपलं. तुझा इथला नोकरीचा पास जूनमध्ये रिन्यू व्हायचाय, सुट्टीवरून आल्या आल्या कशाला वाद?

क्षिप्रा : तेच लिहिलंय मी. ड्राफ्टमध्ये आहे.

आप्पा : लिहिलंस पण?

क्षिप्रा : सकाळीच. तुमचं कळायच्या आधी.

आप्पा : वाच की.

क्षिप्रा : इंग्रजीत आहे.

आप्पा : मेसेज मराठीत सांगितलास, हे पण सांग.

क्षिप्रा : ‘सदर वेळेत वाहनं उभी होती. नोंदीनुसार प्रत्येक ड्रायव्हरला त्याआधीच पुरेसा आराम मिळालेला होता. त्यामुळे आणखी थांबण्याचं कारण...’ आप्पा? इडली घ्या ना. हात का आखडला?

आप्पा : नाही, घेतो. गाडी उभी होती. बरोबर आहे.

क्षिप्रा : तुम्हाला राग आला.

आप्पा : राग कशाचा? पोटावर पाय नको कुणाच्या, एवढंच. सेल्वमची दोन पोरं सीमेपलीकडं जोहोरला शिकतायत. पण तुझं पण पोट आहे. जाई आहे. मी सेल्वमला उद्या सांगतो, बाबा, मी चुकलो.

क्षिप्रा : तुम्हाला एक सांगू? मी ही नोकरी का घेतली, माहितीये? इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, ट्रकमध्येच का रस? मी म्हणाले, माझे वडील खंबाटकी घाटात गाडी चालवताना झोपले होते. मी नववीत होते. शेजारच्या काकांच्या फोनवर निरोप आला आणि आई नुसती ओट्याला धरून उभी राहिली. मला असं काहीतरी बनवायचंय, की कुठल्याही ड्रायव्हरला न झोपता चालवायला लागू नये. तो डबा तुमच्यासाठी आहे आप्पा. तुकडे जोडायचं पण मीच सुचवलं होतं. मीटिंगमध्ये बाकीचे म्हणत होते, सलग आराम असेल तरच मोजू. मी म्हणाले, बिचाऱ्यांची पाच-पाच मिनिटं वाया कशाला घालवायची? त्यांच्याच बाजूने बोलले होते मी.

आप्पा : मला ठाऊक नव्हतं हे.

क्षिप्रा : मी सांगितलंच नव्हतं.

आप्पा : मग मी पण एक न सांगितलेलं सांगतो. रुचिरराव, बसा, तुमच्यापासून काय लपवायचं. ती खंबाटकीची खेप. गुजरातेतनं माल घेऊन येत होतो. सीमेवरच्या चेकनाक्यावर रांग. किती, तर अठरा तास. रांग दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा पावलं सरकायची. सरकलो नाही तर मागचा मधी घुसणार. एरवी दुसरा ड्रायव्हर, हणमंत, असायचा जोडीला. तो म्हणायचा, झोपा आप्पा, पुढची गाडी हलली की मी उठवतो. मग मी त्याला तसं म्हणायचो. पण त्या खेपेला हणमंतच्या घरी लग्न. मी एकटा.

रुचिर : मग झोपायचं कसं?

आप्पा : दोरा बांधायचा. एक टोक पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला. दुसरं पायाच्या अंगठ्याला. पाय खिडकीबाहेर काढून सीटवर आडवं व्हायचं. पुढची हलली की अंगठ्याला हिसका. उठा, चावी मारा, दहा पावलं पुढं, उतरून परत गाठ मारा.

रुचिर : खरंच असं करायचे?

आप्पा : रांगेत निम्मे पाय बाहेर असायचे. दोरा मात्र कच्चा पाहिजे, शिवणाचा. तुटला पाहिजे. सुतळी बांधली असती तर अंगठा माझ्या आधी मुंबईला पोचला असता.

क्षिप्रा : आईचं पांढरं रीळ. ती शोधत होती कितीतरी दिवस.

आप्पा : अख्खं संपलं अठरा तासांत. मग तसाच निघालो, माल वेळेत पोचवायचा होता. मुंबई, पुणे ओलांडलं, आणि घाटात वळणावर डोळा मिटला तो गटारीत उघडला. खांदा गेला. दवाखान्यातनं उठून मालकाकडं गेलो, तर मुनीमानं वही काढली. वहीत लिहिलेलं, चेकनाका, गाडी अठरा तास उभी होती. म्हणाला, अठरा तास झोप काढलेला माणूस परत झोपतो कसा? म्हंजे प्यायला असणार.

क्षिप्रा : आप्पा...

आप्पा : गाडी काढून घेतली. मग ते चिंचवडात टेम्पो, ते तुला माहीतच आहे.

क्षिप्रा : मलाही तसंच वाटलं होतं. तेव्हा.

आप्पा : माहीत आहे की. महिनाभर तू माझ्याजवळ आलीस की आधी श्वास ओढायचीस. वास येतोय का बघायला.

क्षिप्रा : तुम्हाला कळलं होतं?

आप्पा : ड्रायव्हर आहे गं. मागचं सगळं आरशात दिसतं.

क्षिप्रा : मग बोलला का नाहीत? मला, आईला, त्या मुनीमाला?

आप्पा : काय बोलायचं? गाडी उभीच होती. वहीत खोटं कुठं होतं?

रुचिर : आप्पा, मला खरंच... मला हे काहीच माहीत नव्हतं.

आप्पा : बी हून गार झालं तुमचं. खा. आणि हिला पण द्या. डोळ्यात पाणी आणायची गोष्ट नाही ही, अठरा वर्षं झाली.

रुचिर : रडू नकोस क्षिप्रा. तू दमली आहेस. म्हणजे, दमायला नको खरं तर, काल रात्री बऱ्याच दिवसांनी झोप झालीये तुझी. तुझ्या घड्याळाचं मला पण येतं ना फोनवर. सात तास दहा मिनिटं. मी सकाळी बघितलं, म्हटलं वा.

क्षिप्रा : काय म्हणालास?

रुचिर : सात तास दहा. हिरवा गोल पूर्ण.

क्षिप्रा : रुचिर, काल किती वेळा उठले मी?

रुचिर : मी... दोनदा?

क्षिप्रा : नऊ वेळा. जाईच्या ॲपमध्ये आहे, मीच टाकते ना सगळं. दूध, ढेकर, लंगोट, परत दूध. मध्ये वीस-वीस मिनिटं आडवी होते. तेव्हाही दोरी अंगठ्यालाच. आणि घड्याळाने ते सगळे तुकडे जोडले, पाजताना निपचित बसले ते धरून.

रुचिर : अरे.

क्षिप्रा : हिरवा गोल पूर्ण! सकाळी मीठ समजून साखर टाकली पोह्यात. आप्पांनी मुकाट्याने खाल्ले.

आप्पा : वाईट नव्हते. शिऱ्यासारखे होते.

क्षिप्रा : लॅपटॉप दे इकडे. नाही, तूच टाइप कर, मला दोरीतून पाय काढता येत नाहीये. जुना ड्राफ्ट पुसून टाक.

रुचिर : सगळा?

क्षिप्रा : सगळा. लिही. ड्रायव्हरांनी गैरवापर केलेला नाही. त्यांनी यंत्राने सांगितलं तेच केलं. रांगेत इंजिन बंद असणं म्हणजे आराम नव्हे, कारण ड्रायव्हरला कधीही पुढे सरकावं लागतं. तो वेळ कामात धरायला हवा. आराम तेव्हाच, जेव्हा गाडी सलग पंचेचाळीस मिनिटं हलत नाही आणि ती रांगेत नाही. ‘तुकडे जोडू नयेत’ हे ठळक कर.

रुचिर : केलं.

क्षिप्रा : आणि शेवटी लिही, हा नियम मी सुचवला होता. चूक माझी आहे.

रुचिर : हे असं शेवटी नको.

क्षिप्रा : रुचिर, मी ते काढणार नाही. पासचं जे व्हायचं ते होईल.

रुचिर : काढ कुठे म्हणतोय? पहिल्या ओळीत घाल. शेवटी घातलं की दडवल्यासारखं वाटतं. आणि खाली लिही, दुरुस्ती मी या आठवड्यात करून देते. नुसती चूक कबूल केली की लोक घाबरतात, दुरुस्तीची तारीख दिली की गप्प बसतात. वन-नॉर्थच्या ऑफिसांत सहा वर्षं काढलीत मी.

आप्पा : जावई चांगला शोधला मी.

क्षिप्रा : मी शोधला.

आप्पा : होकार तर मी दिला. बरं, यात माझं नाव येणार का?

क्षिप्रा : कुठे घालू? ‘सल्लागार’ म्हणून?

रुचिर : नको नको, तुम्ही थट्टेतही नका बोलू असं. आप्पांचं नाव कुठेही नाही. आप्पा उद्यापासून चहा घरी पिणार.

आप्पा : घरी तेह हलिया कोण करणार?

रुचिर : मी करतो.

क्षिप्रा : कॉफीशॉपात जाऊ दे त्यांना. फक्त आप्पा, सेल्वमला यातलं काही सांगायचं नाही. काहीही. मी हे लिहिलं म्हणजे कंपनी ऐकेलच असं नाही. डेस्मंड वाचेल, त्यांच्याशी बोलेल, मग बघू.

आप्पा : नाही सांगत. पण एक विचारू? डबा काढून टाकणार का तुम्ही?

क्षिप्रा : तुम्हाला काय वाटतं?

आप्पा : नका काढू. तेव्हा माझ्या गाडीत असा एखादा असता आणि त्यानं दोरा तुटलेला लिहिला असता, एकेक करून, किती वाजता तुटला ते, तर मुनीमासमोर मला तोंड असतं. सेल्वमला पण डब्याचं वावडं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की लिहायचं तर सगळं लिहा.

क्षिप्रा : हे वाक्य घालते.

रुचिर : घालू?

क्षिप्रा : घाल. ‘एका अनुभवी ड्रायव्हरच्या मते.’ आणि ते ‘एन्जॉय युवर रेस्ट’ काढायचं पण लिही.

आप्पा : ते राहू दे की. खरा आराम झाला तर ऐकायला बरं वाटेल.

रुचिर : पाठवू का?

क्षिप्रा : थांब, एकदा वाचू दे. हो... हो. दुरुस्तीची तारीख येत्या शुक्रवारची टाक. पाठव.

रुचिर : गेलं.

क्षिप्रा : गेलं? बरं वाटतंय. भीती पण वाटतेय.

आप्पा : भूक आहे ती. खा दोन घास.

(झोळीतून बारीक कुरकुर.)

क्षिप्रा : उठली. आता दूध, मग—

आप्पा : उठली नाही, कूस बदलली. अजून अर्धा तास आहे. ते घड्याळ काढून ठेव आणि ती दोरी दे इकडं.

क्षिप्रा : तुमचा पाय दुखेल.

आप्पा : या अंगठ्याला सवय आहे. दे. गाठ नको सोडूस, अशीच सरकव. हां.

क्षिप्रा : तुम्हालाच झोप लागली तर?

आप्पा : लागू दे. ही हलली की कळतंय मला.

क्षिप्रा : आप्पा, मी इथेच पडते, खाली. दहाच मिनिटं. रुचिर, तिची बाटली—

रुचिर : मी बघतो. तू पड.

क्षिप्रा : दहाच मिनिटं हं.

आप्पा : झोप. पुढची गाडी हलली की मी उठवतो.